वाळूतली बॅब्ज

घरातले शिवणयंत्र दोन-चार वर्षे कोपऱ्यात पडून राहिले आणि एखाद्या दिवाळीत बाळाचे झबले शिवायला म्हणून उघडले, तर त्याचे चाक जागचे हलत नाही, हा अनुभव पुष्कळ घरांतून आहे. यंत्र चालून झिजते हे खरे. पण नुसते उभे राहूनही ते बिघडते. मग ज्या मोटारीने ४२ वर्षे समुद्रकाठच्या वाळूत काढली, तिच्या इंजिनाची काय दशा झाली असेल? वाचकहो, अशाच एका मोटारीची ही हकीकत आहे.

ही मोटार मूळ लुई झ्बोरोव्स्की या धनाढ्य आणि हौशी इंग्रज शर्यतपटूची. त्याला मोटारीत विमानांची इंजिने बसवण्याचा नाद होता. या गाडीत त्याने अमेरिकेत १९१७ साली युद्धविमानांसाठी तयार झालेले ‘लिबर्टी’ इंजिन बसवले. सिलिंडर बारा, आणि त्यांचे एकूण आकारमान २७ लिटर! १९२४ साली इटलीतील मोंझा येथे शर्यतीत झ्बोरोव्स्की मरण पावला. त्याची ही अर्धवट राहिलेली गाडी जे. जी. पॅरी-टॉमस या वेल्श अभियंत्याने १२५ पौंडांत विकत घेतली, तिच्यात आपल्या बुद्धीने अनेक फेरफार केले आणि तिचे नाव ठेवले ‘बॅब्ज’.

दक्षिण वेल्समध्ये पेंडाइन नावाचा लांबच लांब, सपाट समुद्रकिनारा आहे. भरती ओसरली की ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. एप्रिल १९२६ मध्ये याच वाळूवर टॉमसने ताशी १७१ मैलांहून अधिक वेग गाठून जगाचा उच्चांक आपल्या नावावर केला. पुढे फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्बेलने त्याच किनाऱ्यावर ताशी सुमारे १७५ मैलांचा वेग गाठून तो मोडला. गेलेला मान परत मिळवण्यासाठी ३ मार्च १९२७ रोजी टॉमस पुन्हा पेंडाइनला उतरला. भरधाव वेगात गाडी उलटली आणि तो जागीच ठार झाला.

दोष कोणाचा? बॅब्जमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना जाडजूड साखळ्यांनी पोचत असे. उजवीकडची साखळी तुटली आणि तिनेच टॉमसचा घात केला, असे त्या वेळी सर्वतोमुखी झाले. मालकाचा जीव घेणारी गाडी पुन्हा चालवावी असे कोणाला वाटणार? तिला तिथेच वाळूत मोठा खड्डा करून पुरले. आरोपीही पुरला गेला आणि पुरावाही.

पुढे महायुद्ध आले, आणि त्या किनाऱ्यावर लष्कराचे चाचणीक्षेत्र झाले. अखेर १९६९ साली उत्तर वेल्समधील बँगर येथे अभियांत्रिकी शिकवणाऱ्या ओवेन विन ओवेन या गृहस्थांनी परवानगी मिळवून बॅब्ज वर काढली. वरचा पत्रा गंजून खाल्ला गेला होता. पण आतली पुष्कळशी यंत्रसामग्री अजून कामाची होती!

थांबलेले इंजिन कसे मरते, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिन बंद पडते तेव्हा त्याच्या काही झडपा उघड्याच राहतात. त्यांतून दमट हवा सिलिंडरांत शिरते. भिंतींवरचे तेल हळूहळू निथळून गेलेले असते. मग पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडर गंजाने एकमेकांना चिकटतात. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो. तो कार्ब्युरेटरची सुईएवढी भोके बुजवतो. ठिणगी पाडणाऱ्या टोकांवर मळ चढतो.

अशा वेळी उतावळा माणूस हँडल मारत सुटतो आणि उरलेसुरले मोडतो. जाणता मिस्त्री आधी प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो आणि चक्क स्वस्थ बसतो. दोन-चार दिवसांनी तो हाताने, अगदी हळू, इंजिन फिरवून पाहतो. ते फिरले, तर मग तीनच प्रश्न उरतात: पेट्रोल पोचते का, सिलिंडरमध्ये दाब धरतो का, आणि वेळेवर ठिणगी पडते का? एकेक प्रश्न वेगळा सोडवायचा, दोन एकदम नाही. बॅब्जच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागणारे नव्हते. जिथे वाळू आणि खारे पाणी शिरले आहे, तिथे सांधा न् सांधा उघडल्यावाचून गत्यंतर नसते. वाळूचा एक कण तेलाबरोबर बेअरिंगमध्ये गेला, तरी सारी मेहनत फुकट जाते. ओवेन यांना या कामी सुमारे पंधरा वर्षे लागली.

आणि साखळीचा आरोप? गाडी वर आल्यावर तिचे अवशेष तपासता आले. साखळी आधी तुटली ही गोष्ट मग पूर्वीइतकी निर्विवाद राहिली नाही; मागच्या उजव्या चाकाने आधी दगा दिला असावा, असे मत पुढे आले. यंत्र दुरुस्त करणारा ‘हे बंद का पडले?’ हा प्रश्न टाळू शकत नाही. लोकांनी एका दिवसात दिलेला निकाल असा चाळीस-पन्नास वर्षांनी पान्याच्या टोकाशी येऊन फेरतपासणीला लागला.

बॅब्ज पुढे लोकांसमोर पुन्हा चालली, आणि ज्या पेंडाइनने तिला पुरले होते, तिथल्याच संग्रहालयात मानाने उभी राहिली. तिची बारा सिलिंडरे एका दमात गर्जू लागतात, तेव्हा टॉमसने ऐकलेलाच तो आवाज पाहणाऱ्यांच्या कानी पडतो. तेवढ्यासाठी एका माणसाने आयुष्याची पंधरा वर्षे वेचली. ती वाया गेली, असे म्हणण्याचे धाडस निदान मला तरी होत नाही.