महाकालच्या गल्लीतल्या पाट्या

उज्जैनला निघण्यापूर्वी एका परिचिताने बजावले होते, "पोहे-जिलेबी खायची तर देवळाजवळच्या महाकाल नावाच्या दुकानातच खा." दर्शन घेऊन बाहेर आलो आणि पाहतो तर काय, नजर जाईल तिथे महाकाल! नुसता महाकाल, श्री महाकाल, जय महाकाल, न्यू महाकाल. भोजनालय, मिठाई, पूजेचे साहित्य, लॉज, मोबाईल रिचार्ज, सगळे महाकालच. एका पाटीवर तर नावापुढे 'असली' असेही रंगवलेले होते. आता यातला परिचिताचा महाकाल कुठला? त्यातल्या त्यात गर्दी असलेले एक दुकान गाठले. पोहे ठीक होते, जिलेबी मात्र मऊ पडलेली. संध्याकाळी फोन केला तर पलीकडून उत्तर आले, "अरे ते नव्हे, त्याच्या अलीकडचे!"

गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी सकाळीच विचारले होते की एवढी एकाच नावाची दुकाने, तुमची भांडणे होत नाहीत का? नाव देवाचे आहे, त्यावर आम्ही काय दावा लावणार, असे काहीसे ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजू लागले.

त्या गृहस्थांनी कायद्याचे पुस्तक उघडले असेल असे वाटत नाही. पण त्यांचे म्हणणे आणि सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे बरेचसे एकच आहे. पाटण्याच्या एका व्यापाऱ्याने अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव आपले एकट्याचे म्हणून मागितले होते. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि २०१५ साली न्यायालयाने सांगितले की धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एका दुकानदाराची मक्तेदारी चालणार नाही. शिवाय त्या व्यवसायातले इतर कित्येक जण तेच नाव वापरत होते.

हा झाला देवाधर्माचा भाग. पण खरी गुंतागुंत असते ती साध्या, वर्णन करणाऱ्या नावांत. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचे नववे कलम म्हणते की मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा तो कुठला आहे एवढेच सांगणारे शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाहीत. 'ताजी मिठाई' हे नाव मी नोंदवले तर शेजारच्या हलवायाने आपली मिठाई ताजी आहे हे सांगायचे कसे? मात्र त्याच कलमाला एक पळवाटही आहे. तो शब्द वर्षानुवर्षे वापरून लोकांच्या मनात एकाच दुकानाशी जोडला गेला असेल, तर नोंदणी मिळू शकते. म्हणजे शब्द सर्वांचा, पण कुणी तो पुरेसा झिजवला तर त्याचा. हे 'पुरेसे' किती, यावरच वकिलांची घरे चालतात.

उज्जैनचा विषय निघाला आहे तर या भांडणाचे फार जुने रूप सांगतो. प्राचीन उज्जयिनीच्या नाण्यांवर एक खूण असते. मध्ये अधिक चिन्हासारखा क्रूस आणि त्याच्या चारी टोकांना एकेक वर्तुळ. नाणेशास्त्रात तिला उज्जयिनी चिन्हच म्हणतात. ही खूण शहराची होती, कुणा एका राजाची नव्हे. पण पुढे सातवाहनांनी ती सर्रास आपल्या नाण्यांवर घेतली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाणी. ती होती क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला आहे, एका बाजूला आपल्या नावासह तीन कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या बाजूला हे उज्जयिनी चिन्ह. वितळवून नवी पाडायचा खटाटोप केला नाही, जुन्या मुखवट्यावर नवी मोहोर. काही नाण्यांवर खालचा नहपान अजून ओळखू येतो.

बाजारात खुणेला किंमत असते हे त्या काळच्या टांकसाळवाल्यांना चांगले ठाऊक होते. परक्या शहराची खूण आपल्या पैशावर उमटवायची ती शोभेसाठी नव्हे. तो पैसा लोकांनी बिनबोभाट घ्यावा हा हेतू त्यात असणारच, असे मला वाटते.

शहराशी आपला संबंधही काही कमी नाही. आजचे महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या पुढाकाराने. सुखटणकर हे आडनाव वाचून आपल्याकडच्यांचे कान टवकारतात. आणि बाजारातले गोपाळ मंदिर बांधले ते दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी. त्याच परिसरात आज हा पाट्यांचा गोंधळ आहे. असो.

वर्णनात्मक नावांच्या भांडणात जगभरचे वकील एका इंग्रज खटल्याचा आधार घेतात. लंडनमध्ये कचेऱ्या झाडून देणाऱ्या दोन संस्था होत्या, एकीचे नाव 'ऑफिस क्लीनिंग सर्व्हिसेस', दुसरीचे 'ऑफिस क्लीनिंग असोसिएशन'. १९४६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की जो व्यापारी आपल्या धंद्याचे वर्णन हेच नाव म्हणून घेतो, त्याने थोडाफार घोटाळा सोसायलाच हवा. अशा नावांत बारीकसा फरकही पुरेसा आहे. या न्यायाने पाहिले तर उज्जैनच्या गल्लीतले 'श्री', 'जय' आणि 'न्यू' हे अगदी कायदेशीर फरक ठरतात!

नाव वर्णनात्मक नसेल तर मात्र पारडे फिरते. अहमदाबादला 'मुक्तजीवन' नावाची फोटोंची कलर लॅब १९८२ पासून चालू होती. १९९७ मध्ये दुसऱ्या कुणी त्याच शहरात तेच नाव लावून लॅब काढायचे ठरवले. खालच्या न्यायालयाला वाटले की दुकाने लांब लांब आहेत, गिऱ्हाईक वेगळे, बिघडले कुठे? डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. मुक्तजीवन या शब्दाचा फोटोंशी काही संबंध नाही, मग दुसऱ्याला तोच शब्द का सुचावा? नोंदणी असो वा नसो, एकाने कमावलेल्या नावावर दुसऱ्याने आपला माल खपवायचा नाही.

आता या दोन टोकांच्या मध्ये पडणारा खटला, आणि तो आहे आपल्या पुण्यातला. कॅम्प भागातले एक इराणी कुटुंब १९९२ च्या सुमारापासून 'बर्गर किंग' नावाने खाण्याचे दुकान चालवत आले. त्या काळात पुण्यात कॉलेजात असलेल्या कित्येकांना बर्गर म्हणजे काय ते याच दुकानाने शिकवले. अमेरिकेतली त्याच नावाची कंपनी १९५४ पासूनची. तिने भारतात नावाची नोंदणी १९७९ मध्येच करून ठेवली होती, पण इथे पहिले दुकान उघडले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. पस्तीस वर्षे नाव कागदावर होते. गंमत म्हणजे कंपनीने पुण्याच्या दुकानावर दावा लावला तो २०११ मध्ये, म्हणजे इथे एकही बर्गर विकण्याच्या आधी.

तेरा वर्षे खटला चालला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुणेकर दुकान कंपनी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव वापरत आहे, आणि त्यामुळे गिऱ्हाईक फसले किंवा कंपनीचे नुकसान झाले याचा पुरावा नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. पुण्यात पेढे वाटायची वेळ! पण कंपनी मुंबईला गेली आणि २ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत हे नाव वापरायला दुकानाला मनाई केली. मग दुकान दिल्लीला गेले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि मूळ अपील उच्च न्यायालयाने ऐकायला हरकत नाही असे सांगितले. तीन न्यायालये, आठ महिने, आणि पाटी खाली-वर, खाली-वर.

मनाने मी पुणेकरांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. पण कायदा वाचला की अडखळतो. चौतिसावे कलम आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण देते हे खरे, मात्र 'आधी' म्हणजे समोरच्याचा वापर किंवा नोंदणी यांतले जे पहिले असेल त्याच्याही आधी. नोंदणी १९७९ ची आणि पुण्याचे दुकान १९९२ च्या सुमाराचे. कागद मोजला तर कंपनी पुढे, गिऱ्हाइकाची सवय मोजली तर पुणे पुढे. पस्तीस वर्षे इथे ज्या कागदावर एक बर्गर विकला गेला नाही, त्याला सवयीपेक्षा जास्त वजन द्यावे का? मला तरी पटत नाही. आणि मुळात 'बर्गर किंग' म्हणजे काय? बर्गरचा राजा. वडापावचा राजा, मिसळीचा बादशहा म्हणतात तसे. वस्तूचे नाव आणि पुढे शेखी. अशा नावावर सात समुद्रांपलीकडून हक्क सांगायचा तर लोकांनी ते आधी ओळखलेले असायला हवे ना? की १९९२ सालच्या पुणेकराला अमेरिकेतली दुकाने ठाऊक होती असे धरायचे?

शेखीच्या शब्दांबद्दल ताजा निकाल उज्जैनच्या शेजारूनच आला. उज्जैनची अपिले इंदूरच्या खंडपीठापुढे जातात, त्याच इंदुरातला हा वाद. 'ब्लेंडर्स प्राइड' व्हिस्कीच्या कंपनीने 'लंडन प्राइड' नावाने दारू विकणाऱ्या इंदूरच्या व्यापाऱ्यावर दावा लावला होता. आधी व्यापारी न्यायालय, मग नोव्हेंबर २०२३ मध्ये खंडपीठ, दोघांनीही मनाई दिली नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नाही म्हटले. 'प्राइड' हा कौतुकाचा शब्द, त्या व्यवसायात सर्रास चालतो, तेव्हा नाव तोडून त्याचा एकच तुकडा आपला म्हणता येत नाही, संपूर्ण नाव आणि संपूर्ण बाटली पाहायची. पुण्याच्या अपिलात दुकानाचे वकील हा निकाल पुढे करतील असे मला वाटते. कंपनीचे वकील म्हणतील, इथे तुकडा नव्हे, अख्खे नावच उचलले आहे. तेही खोटे नाही.

आमच्या गोव्यात पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण पोसऱ्याला पाटीच नसायची. पोसरकाराच्या नावाने किंवा वाड्याच्या नावाने दुकान ओळखायचे. पाट्या आल्या आणि 'गोवा' हा शब्दच विकाऊ झाला. पणजीत दर दहा पावलांवर 'गोवा काजू' लिहिलेले असते, आतला काजू कुठला ते देव जाणे. त्यावर उपाय म्हणून भौगोलिक निर्देशन आले: २००९ मध्ये फेणीला, २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला. त्याच २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिक छपाईलाही ते मिळाले. भैरवगडचे छपाई कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. इथे नाव एका दुकानाचे नसते, त्या गावात तो माल खरोखर करणाऱ्या सगळ्यांचे असते. बाहेरच्याने वापरायचे नाही, आतल्याला आतल्यावर दावा लावता येत नाही. चार वर्तुळांच्या त्या जुन्या शहरी खुणेच्या जवळ जाणारे आजच्या कायद्यात काही असेल तर ते हेच.

भैरवगडहून एक चादर आणली. विकणाऱ्याच्या पाटीवरही महाकाल होताच, पण या वेळी मी आधी कापड उलटून मेणाच्या बारीक भेगांतून उतरलेल्या रंगाच्या रेषा मागच्या बाजूलाही दिसतात का ते पाहिले, मग पैसे दिले.