स्थानिक भूल, दंतोपचारातील : उपद्रव व दुष्परिणाम

दात काढताना किंवा रूट कॅनाल करताना तेवढाच भाग बधिर करण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनातून उद्भवणारे त्रास. १८८४ मध्ये कोकेनचा स्थानिक उपयोग कळताच अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी खालच्या जबड्याची नस कोकेनने बधिर करून दाखवली. त्या प्रयोगांत ते स्वतःच व्यसनी झाले. आज प्रामुख्याने वापरले जाणारे लिग्नोकेन (१९४३, निल्स लोफग्रेन) त्या मानाने फारच सुरक्षित आहे.

सर्वांत जास्त आढळणारा उपद्रव औषधाचा नसून भीतीचा : रुग्णाला घेरी येते. खुर्ची आडवी करून पाय उंच केले की तो सावरतो. इंजेक्शनात मिसळलेल्या ॲड्रेनलिनमुळे छाती धडधडते, हात थरथरतात. या दोन्हींना सर्रास ‘ॲलर्जी’ म्हटले जाते आणि केसपेपरवरचा तो शेरा जन्मभर पुसला जात नाही. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अत्यंत दुर्मिळ; क्वचित ॲड्रेनलिन टिकवणाऱ्या सल्फाइटची असते.

खालच्या दाढांसाठी सुई जबड्याच्या आतल्या बाजूने खोल न्यावी लागते. ती फार मागे गेल्यास औषध लाळग्रंथीत उतरते व चेहऱ्याची नस बधिर होते : तोंड वाकडे होते, त्या बाजूचा डोळा मिटत नाही. रुग्ण याला अर्धांगवायू समजून हादरतो. पण काही तासांत सारे पूर्ववत होते, तोवर डोळा झाकून ठेवणे एवढेच काम. स्नायूला इजा झाल्यास काही दिवस तोंड उघडत नाही. जिभेच्या नसेला धक्का लागला, तर बधिरता आठवडे-महिने टिकते.

अतिमात्रेने होणारी विषबाधा टाळता येते, कारण मात्रा ठरवणे हा निव्वळ हिशोब आहे. २% लिग्नोकेनच्या १.८ मिलि. कार्ट्रिजमध्ये ३६ मिग्रॅ. औषध असते. लहान मुलांसाठी सामान्यतः दर किलोला ४.४ मिग्रॅ. ही मर्यादा पाळतात. म्हणजे १५ किलोच्या मुलाला पुरती दोन कार्ट्रिजही चालत नाहीत. मात्र औषध थेट रक्तवाहिनीत गेल्यास थोड्या मात्रेनेही बाधा होते. म्हणून आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहतात. कानात गुणगुण, तोंडाला धातूची चव, जिभेला मुंग्या या पूर्वसूचना. पुढे झटके येतात.

मुलांत आणखी एक त्रास घरी गेल्यावर सुरू होतो. बधिर ओठ गमतीने चावला जातो. दुसऱ्या दिवशी तो सुजतो, त्यावर पांढरट थर दिसतो. पालक त्याला पू समजून प्रतिजैविक मागतात. पण तो व्रण आठवडा-दीड आठवड्यात आपोआप भरतो.