काजळाच्या शाईपासून अवरक्त शाईपर्यंत

महाडहून वरंध घाटाकडे जाताना शिवथरघळीचा फाटा लागतो. समर्थ रामदासांनी याच घळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या काळी दिव्याचे काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून शाई करीत. हिरडा व हिराकस यांची शाईही होती. वाळल्यावर दोन्ही काळ्याच दिसतात. मग त्या वेगळ्या ओळखायच्या कशा?

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. काजळ म्हणजे कार्बन. तो हे किरणही शोषतो. हिराकशीची शाई मात्र सुमारे १००० नॅनोमीटरपुढे फिकी पडत जाते. वतनाच्या तंट्यांत पूर्वी बनावट कागदही हजर होत. अशा कागदात एखादी ओळ मागाहून दुसऱ्या जातीच्या शाईने घुसडली असेल, तर अवरक्त छायाचित्रात ती उघडी पडू शकते.

मुद्रकांनी हाच भेद मुद्दाम योजला. भारताच्या नोटा पूर्वी इंग्लंडहून छापून येत. १९२८ साली नाशिक रोडला आपला छापखाना सुरू झाला. पुढे रंगीत प्रती काढणारी यंत्रे आली आणि जगभर नक्कल सोपी झाली. त्यावर एक उपाय म्हणजे एकाच रंगाच्या दोन शाया: एक अवरक्त किरण शोषणारी, दुसरी न शोषणारी. २०१३ पासूनच्या युरो नोटांत मुख्य चित्राचा केवळ उजवा भाग अवरक्त प्रकाशात दिसतो. प्रत काढणारे यंत्र रंग उचलते. हा भेद त्याला कळत नाही.

काही शाया तर कागदावर दिसतच नाहीत. त्यांतील यटर्बियम ९८० नॅनोमीटरचे किरण शोषून ऊर्जा अर्बियमला देते. दोन प्रकाशकणांची ऊर्जा एकत्र येऊन एक हिरवा प्रकाशकण बाहेर पडतो. फ्रान्सचे फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ साली ही क्रिया दाखवली.

वर्गासाठी आम्ही एक सोपा प्रयोग सुचवतो. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बहुधा पडद्यावर जांभळट दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात तो का दिसत नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.