चुलीचा धूर, खाणीचा कोळसा आणि श्वासनलिकेतील दुर्बीण

१/ राजुरा. वर्धा नदीपलीकडचा, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला आणि १९५९ मध्ये नांदेडमधून चांदा जिल्ह्यात आलेला तालुका. सास्तीच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडील सिमेंट कारखाने आणि गावोगावी सरपणावर पेटणाऱ्या चुली. अशा मुलुखात खोकला हटेना की संशय प्रथम क्षयावर जातो, मग धुळीवर.

२/ क्षयाचा संशय रास्तच आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला; दोन आठवड्यांच्या खोकल्यानंतर थुंकी तपासण्याचा आजचा नियम त्याच शोधावर उभा आहे. परंतु खोकला आठ आठवडे उलटूनही टिकला, थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि एक्स-रेही बोलला नाही, तर? कारण कधी कधी श्वासनलिकेच्या आतील भिंतीवरच असते.

३/ व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की यांनी १८५५ मध्ये असाच एक दुर्मीळ विकार नोंदवला : श्वासनलिकेच्या अस्तराखाली कूर्चा व हाडाच्या गाठी. त्या काळी हे निदान शवविच्छेदनाच्या मेजावरच होई.

४/ १८९७ मध्ये फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत अडकलेले हाड ताठ नळीतून बाहेर काढले. जिवंत माणसाच्या श्वासमार्गात डोकावण्याचे शास्त्र येथून सुरू झाले.

५/ ताठ नळी मात्र वळत नसे. १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या लवचीक जुडग्यातून प्रतिमा वाहून दाखवली. त्याच तत्त्वावरील ब्रॉन्कोस्कोप जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६६ मध्ये जगापुढे ठेवला. आता बारीक शाखांच्या तोंडापर्यंत पाहता येऊ लागले.

६/ रोकिटान्स्कींच्या गाठी आज नजरेने ओळखता येतात. श्वासनलिकेच्या मागील भिंतीत कूर्चा नसते. म्हणून पुढची व बाजूची भिंत खडबडीत आणि मागची स्वच्छ, एवढ्या खुणेवरून बहुतेकदा निदान होते.

७/ राजुऱ्याशी अधिक जवळचा अध्याय १९९८ चा. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी दुर्बिणीतून काळवंडलेल्या, आकसलेल्या श्वासशाखा पाहिल्या आणि त्या विकारास ‘अँथ्रॅकोफायब्रोसिस’ असे नाव दिले. रुग्णांत वयस्क स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. खाणीत कधीही न उतरलेल्या स्त्रियांच्या श्वासशाखाही अशा काळ्या आढळल्या. पुढे सरपणाच्या धुराशी त्याचा संबंध जोडला गेला. भारतातूनही नोंदी झाल्या. अनेकांत जोडीला क्षयही असतो. त्यामुळे काळा डाग दिसला म्हणून क्षयाचा शोध थांबवता येत नाही. दुर्बिणीतूनच स्राव व पेशींचा नमुना घ्यावा लागतो.

८/ खाण कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. चुलीपुढे आयुष्य काढणाऱ्या स्त्रीसाठी तशी तरतूद नाही. मोठ्या रुग्णालयासाठी तिला चंद्रपूर वा नागपूर गाठावे लागते, आणि पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूरच्या वाटेवरील पूलही पाण्याखाली जातो. खोकल्याचे कारण पाहता येण्याची सोय जगाला शतकाहून अधिक काळापूर्वी झाली. तिच्यापर्यंत ती पोहोचणे हा या इतिहासाचा अपुरा राहिलेला भाग आहे.