युद्धकाळातील भित्तिपत्रके

विजयदुर्ग म्हटले की शिवकाल आणि आंग्र्यांचे आरमार आठवते. परंतु दोन्ही महायुद्धांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातूनही कितीतरी तरुण पलटणीत व आरमारात गेले. अशा भरतीसाठी आणि पहिल्या युद्धातील कर्जासाठी सरकारने रंगीत भित्तिपत्रके लावली. १९४२ साली स्त्रियांचे साहाय्यक दल निघाले, तेव्हा हे आवाहन भगिनींनाही झाले.

चार दिवस भिंतीवर टिकावा एवढाच तो कागद! तरी १९१७ साली, युद्ध चालू असतानाच स्थापन झालेल्या लंडनच्या युद्धसंग्रहालयाने तो जमवून ठेवला. राज्यकर्त्यांनी लोकांकडे काय मागितले, हे त्यावरून कळते. मात्र गेलेल्याच्या घरी मागे काय झाले, ते त्यावर नसते. ते आपल्या माळ्यावरच्या पत्रांत आणि मनीऑर्डरीच्या पावत्यांत असते. दोन्ही शेजारी ठेवली तरच इतिहास पुरा होतो.

म्हणून भगिनींनो, आवराआवरीत असा कागद सापडला तर बंबात घालू नका. डिंकाने चिकटवू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा आणि तो कोणाचा, केव्हाचा, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. आपल्याकडचा पावसाळा आणि वाळवी कोणासाठी थांबत नाहीत.