ज्योतीचा चित्रकार : जॉर्ज द ला तूर

तैलरंगांत ज्योत रंगवूं पाहणाऱ्यापुढें पहिली अडचण उभी राहते ती रंगाचीच. पांढऱ्यांत पांढरा रंगही स्वतः उजेड देत नाहीं. मग ज्योत तेवतांना दिसावी कशी ? उपाय एकच : तिच्याभोवतीचें सारें काळोखांत ढकलावें. हें मर्म ज्यानें पुरतें ओळखलें तो लोरेन प्रांतांतला जॉर्ज द ला तूर. १५९३ सालीं विक-सुर-सेय गांवीं एका पाववाल्याच्या घरीं तो जन्मला.

त्यापूर्वीं इटलींत काराव्हाज्जोनें छायाप्रकाशाचें नाट्य रूढ केलें होतें. पण त्याचा उजेड बहुधा चौकटीबाहेरून येतो. डच चित्रकार होन्थोर्स्ट यानें मेणबत्तीच चित्रांत आणली, आणि इटालियन रसिकांनीं त्याला 'रात्रींचा गेरार्दो' म्हणून टाकलें. ला तूरच्या रात्री मात्र निःशब्द आहेत.

लूव्र संग्रहालयांतील त्याचें 'सुतार योसेफ' पाहावें. वृद्ध योसेफ वांकून गिरमिटानें लांकडाला भोंक पाडीत आहे. समोर बाल येशू मेणबत्ती घेऊन बसला आहे. ज्योतीआड धरलेल्या त्याच्या बोटांतून उजेड तांबूस झिरपतो. निरांजन वाऱ्यापासून जपणाऱ्या हाताचा हा रंग आपल्याकडेही घरोघरीं ओळखीचा आहे. अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाईवर येतो. म्हणून मुलाचें मुख झळाळतें, योसेफाचें कपाळ उजळतें, आणि मागें कांहींच उरत नाहीं. तैलरंग सावकाश वाळतो. छायेची कड ओली असतांच मिसळतां येते, ती सोय येथें मोलाची ठरते.

अशा शांत चित्रांचा कर्ता स्वभावानें शांत नव्हता. तो भारंभार कुत्रे पाळतो व जणूं गांवचा धनी असल्यासारखा वागतो, अशी ल्युनेव्हिलच्या रहिवाशांची १६४६ सालची तक्रार उपलब्ध आहे. काळही तसाच क्रूर होता. तीस वर्षांच्या युद्धांत, १६३८ सालीं, तें गांव जळालें. १६५२ च्या जानेवारींत पत्नीमागोमाग थोड्याच दिवसांत तोही वारला, आणि त्याचीं चित्रें इतरांच्या नांवांवर जमा झालीं.

१९१५ सालीं, जर्मनी व फ्रान्स एकमेकांच्या उरावर बसले असतां, हेर्मान फॉस या जर्मन पंडितानें नांत शहरांतील सही असलेल्या दोन चित्रांशीं रेन येथील 'नवजात बालक' ताडून पाहिलें आणि फ्रान्सचा विसरलेला चित्रकार फ्रान्सला परत दिला. १९३४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनानें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. 'सुतार योसेफ' लूव्रमध्यें आलें तें १९४८ सालीं, एका इंग्रज कलाव्यापाऱ्याच्या देणगीनें.