वावड्याचा इतिहास

'वावडें' हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे कीं त्यामागें कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कोणास वांग्याचें वावडें असतें, कोणास कोळंबीचें. आणि तें लहानपणापासून असलें म्हणजे मंडळी तें निमूटपणें मान्यही करितात. परंतु चाळीस वर्षें एखादा पदार्थ आवडीनें खाल्लेल्या गृहस्थानें "आतां हा मला सोसत नाहीं" असें म्हटलें, कीं त्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. मनाचा खेळ, फार तर पित्त, असा निकाल पंक्तींतच लागतो. ह्या अविश्वासास कितपत आधार आहे, हें वैद्यकाच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत शोधावें असें आम्हांस वाटतें.

ह्या अविश्वासाचें मूळ एका जुन्या, आणि बऱ्याच अंशीं खऱ्या, समजुतींत आहे. नित्य सेवनानें जें शरीरास मानवूं लागतें त्यास आमच्या आयुर्वेदानें 'ओकसात्म्य' म्हटलें. संवयीनें अन्न मित्र होतें, हा त्याचा मथितार्थ. युरोपांत १७९६ सालीं जेन्नरनें देवीची लस टोंचली, तेव्हांपासून ह्याच कल्पनेस शास्त्राचेंही पाठबळ मिळालें: शरीराची एखाद्या गोष्टीशीं एकदां गांठ पडली, कीं पुढें तेंच संरक्षण.

ह्या कल्पनेस पहिला धक्का दिला तो शार्ल रिशे व पोल पोर्तिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं. १९०१ सालीं मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर त्यांनीं विषारी सागरी प्राण्यांचा अभ्यास आरंभिला, आणि पॅरिसला परतल्यावर खडकास चिकटून राहणाऱ्या एका फुलासारख्या प्राण्याचें विष कुत्र्यांस टोंचून पाहिलें. नेपच्यून नांवाच्या कुत्र्यास पहिली मात्रा फारशी बाधली नाहीं. कांहीं आठवड्यांनीं पुनः अल्प मात्रा दिली, तेव्हां तो अवघ्या पंचवीस मिनिटांत मेला. पूर्वपरिचयानें संरक्षण मिळण्याऐवजीं घात झाला. १९०२ सालीं त्यांनीं ह्या प्रकारास 'अॅनाफिलॅक्सिस', म्हणजे संरक्षणाच्या उलट, असें नांव दिलें. रिशे ह्यास त्याबद्दल १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच सुमारास व्हिएन्ना येथें क्लेमेन्स फॉन पिर्के हा बालरोगतज्ज्ञ, घोड्याचें रक्तजल टोंचल्यानंतर मुलांना येणारा ताप व अंगावर उठणारीं गांधें ह्यांचा विचार करीत होता. संरक्षण आणि घात हीं एकाच शक्तीचीं दोन रूपें असावींत, असें त्याच्या ध्यानांत आलें. १९०६ सालीं त्यानें 'अन्य' व 'कार्य' ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून 'अॅलर्जी' हा शब्द घडविला. त्याचा मूळ अर्थ रोग असा नव्हे, तर परिचयानें पालटलेला शरीराचा प्रतिसाद असा होता. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाची किल्ली येथेंच आहे. परिचयास वयाची अट नसते. मग त्यांतून उत्पन्न होणाऱ्या वावड्यास ती कशी असेल?

वावडें मनांत नसून रक्तांत असतें, हें १९२१ सालीं ब्रेस्लाव येथें सिद्ध झालें. क्यूस्ट्नर ह्या डॉक्टरास शिजविलेला मासा सोसत नसे. त्याचें थोडें रक्तजल त्याचा सहकारी प्राउस्निट्झ ह्यानें स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतलें व दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. तत्काळ तेथें गांध उठली. रक्तांतील हें द्रव्य कोणतें, तें कळण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९६६-६७ मध्यें अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें व स्वीडनमध्यें योहान्सन आणि बेनिख ह्यांनीं स्वतंत्रपणें त्याचा छडा लाविला. १९६८ सालीं त्यास 'इम्युनोग्लोब्युलिन ई' हें नांव मिळालें.

प्रौढ वयांतील वावड्याचें सर्वांत बोलकें उदाहरण ह्या शतकांतलें आहे. अमेरिकेच्या आग्नेयेकडील प्रांतांत कित्येक प्रौढ माणसांस, जन्मभर खाल्लेलें मांस खाऊन तीन ते सहा तास लोटल्यावर, म्हणजे बहुधा अपरात्रीं, गांधें उठत व जीव घाबरा होई. इतक्या वेळानें जेवणावर संशय कोण घेणार? व्हर्जिनिया विद्यापीठांतील टॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं हें कोडें सोडविलें. गाय, बकरी, डुक्कर ह्यांच्या मांसांत 'अल्फा-गॅल' नांवाची शर्करा असते. मनुष्याच्या शरीरांत ती नसते. गोचिडीच्या दंशानें तिच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात, आणि मग मुखानें घेतलेलें मांसही शत्रु ठरतें. ऑस्ट्रेलियांत शेरिल व्हॅन न्यूनेन ह्यांनींही २००९ सालीं गोचिडीचा हाच संबंध दाखविला. प्लॅट्स-मिल्स ह्यांस स्वतःसच २००७ सालीं डोंगरांत हिंडतांना गोचिडी चावल्या, आणि पुढें मटणाचें जेवण त्यांस भोंवलें!

कोळंबी-खेकड्यांचीही गोष्ट कांहींशी अशीच. त्यांतील ट्रोपोमायोसिन हें प्रथिन घरांतल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यांतही जवळजवळ त्याच घडणीचें असतें. त्यामुळें श्वासावाटे झालेली ओळख पुढें ताटांत उमटूं शकते.

तथापि प्रत्येक तक्रार म्हणजे वावडें नव्हे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, चाळीस हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांच्या पाहणींत सुमारें १९ टक्के लोकांनीं आपणांस वावडें असल्याचें सांगितलें. लक्षणें पारखतां १०.८ टक्क्यांचेंच पटण्याजोगें ठरलें. परंतु ह्या दुसऱ्या वर्गापैकीं जवळजवळ निम्म्यांस निदान एक वावडें प्रौढपणींच जडलेलें होतें. म्हणून संशय आल्यास वैद्याकडून परीक्षा करून घ्यावी. स्वतःच निदान करून एकेक पदार्थ सोडीत जाणें किंवा धीटपणानें पुनः खाऊन पाहणें, दोन्ही वाईट.

आग्रह हें आपल्या पाहुणचाराचें भूषण मानलें जातें. "इतकीं वर्षें खात होतां, आज एवढ्यानें काय होतें?" हा प्रश्न प्रेमाचाच असतो. परंतु इतकीं वर्षें खाल्लें हा पुरावा नव्हे, हेंच ह्या इतिहासाचें सार आहे. अशा वेळीं वाढणाऱ्यानें हात आवरावा, ह्यांतच खरें आतिथ्य आहे.